बद्द

लेम्पीनं एकतीस वर्षं प्लायवूड वाजवलं.
सरोवराकाठच्या कारखान्यात, तिसऱ्या शेडमध्ये,
बर्चचे ताव रुळांवरून तिच्यापुढे सरकत
आणि ती छोट्या लाकडी हातोडीनं
टक, टक, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ऐकत जायची.
डिंकानं नीट धरलं असेल तर खणखणीत.
दोन थरांत हवा राहिली असेल तर बद्द.
बद्द वाजलं की खडूची फुली.

मी पलीकडे ट्रक भरायचो.
तिच्या फुल्या मोजता मोजता प्रेमात पडलो,
असं लग्नाच्या जेवणात सांगितलं होतं मी. लोक हसले.
खरं म्हणजे फुलीचे ताव मलाच परत उतरवावे लागत
आणि मी तिच्या नावानं बोटं मोडायचो.

आता कुओपिओच्या इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर,
तिच्या डोक्याशी एक गुंडाळी धरतात,
इंग्रजी आठच्या आकड्यासारखी.
सुरी नाही, रक्त नाही, कवटी तशीच मिटलेली.
चुंबक बाहेरूनच आतल्या विजेला डिवचतो:
टकटकटकटक, जरा विसावा,
टकटकटकटक.
वीस मिनिटं. मी डबा मांडीवर घेऊन बसतो,
राईचा पाव, काकडी, थर्मास.

निम्म्या लोकांना खरी गुंडाळी, निम्म्यांना नुसता आवाज.
कुणाला काय, ते ती धरणाऱ्या ओउतीलाही ठाऊक नाही.
पाकीट मे महिन्यात फुटेल, सरोवर मोकळं झाल्यावर.
मी सही केली.
लेम्पीनंही केली, माहेरच्या नावानं.

तीन शब्द देतात: टोपी, पूल, लिंबू.
पाच मिनिटांनी विचारतात.
पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, "कसले शब्द?"
चौथ्या आठवड्यात: "लिंबू."
ओउतीनं वहीत लिहिलं, चेहरा कोरा ठेवून.
मी परतीच्या वाटेवर सहा लिंबं घेतली,
उणे बावीसमध्ये कोटाच्या खिशात सांभाळत आणली.
पाचव्या आठवड्यात पुन्हा, "कसले शब्द?"
लिंबं खिडकीत सुरकुतली.
दोन मी चहात पिळली. टाकवेनात.

मग एका गुरुवारी, टकटक चालू असताना,
तिनं बोट वर केलं.
ओउतीनं यंत्र थांबवलं. "दुखतंय का?"
"बद्द वाजतंय," लेम्पी म्हणाली.
"काय बद्द वाजतंय?"
ती उत्तर देईना.
तिचा उजवा हात खुर्चीच्या कडेवर
खडू शोधत होता.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही.
एकतीस वर्षांत तिचा कान चुकल्याचं
फोरमन पेन्टिनेनलाही दाखवता आलं नव्हतं,
आणि त्यानं जंग जंग पछाडलं होतं.
मग बद्द काय होतं?
ती गुंडाळी? की जिच्यावर ती टेकली होती ते?
ओउतीला फोन करावा म्हटलं,
पण तिला तरी कोण सांगणार.

काल मध्यरात्री लेम्पी उठून बसली.
माझं नाव तिला येत नाही, मी विचारतही नाही.
तिनं बोटं वळवली
आणि पेरांनी मला वाजवायला लागली,
खांदा, मग एकेक बरगडी, सावकाश,
कामाच्या पाळीत असल्यासारखी,
मग हनुवटी, कपाळ.
डाव्या कानाच्या वर थांबली.
पुन्हा वाजवलं. मान कलती करून ऐकलं.
मी श्वास धरून पडलो होतो,
सत्त्याहत्तर वर्षांचा एक ताव.

"एक गाठ आहे," ती म्हणाली.
"दुसऱ्या प्रतीत घाला."
आणि कूस बदलून झोपली.

बाहेर थंडीनं सरोवराचा बर्फ तडकत होता,
लांबवर, या काठापासून त्या काठापर्यंत.
पाकीट यायला अकरा आठवडे होते अजून.
मी अंधारात कपाळावरून हात फिरवला.
फुली नव्हती.